कान गेले तरी मान हलली पाहिजे

तर तुम्हाला कुणीतरी नॉइज शोला, म्हणजे कानठळ्या बसवणाऱ्या गोंगाटालाच संगीत म्हणणाऱ्या कार्यक्रमाला घेऊन चाललंय. अभिनंदन. "गाणं कधी सुरू होणार" हा प्रश्न तेवढा घरीच ठेवून या, कारण तुम्ही ज्याला साउंडचेक समजून बाहेर हवा खायला जाल ना तोच कार्यक्रम असतो. मी बर्लिनच्या एका बेसमेंटमध्ये हेच केलं, परत आलो तर अर्धा शो संपलेला आणि आवाजात काडीचा फरक नाही.

दारात इअरप्लगचा डबा असेल. अजिबात हात लावायचा नाही. कानातनं डोकावणारी ती फोमची बोंडं दिसली की आजूबाजूचे रसिक लगेच ओळखतात, नवखं गिऱ्हाईक आहे. माय ब्लडी व्हॅलेंटाइन या कर्णकर्कश रॉक बँडवाले 2008 मध्ये पुन्हा एकत्र स्टेजवर आले तेव्हा शोला प्लग वाटायचे, म्हणजे पंगतीत मिठाशेजारीच जेलुसिल वाढायचं, पण आपण त्याला पाहुणचार म्हणायचं. आणि हो, साउंडवाल्याच्या कानाकडे बघू नका. त्याने मापाने बनवून घेतलेले प्लग घातलेले असतात, उगाच श्रद्धा डळमळते.

कामाच्या जागी लोकांच्या तब्येतीची काळजी वाहणाऱ्या अमेरिकेतल्या नायॉश या सरकारी संस्थेचा हिशोब असा की 85 डेसिबल आठ तास चालेल, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे 100 ला जेमतेम पंधरा मिनिटं. असली गणितं तिथे मांडत बसायचं नाही. कानातल्या त्या केसांसारख्या बारीक पेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत हे खरंय, पण डोक्यावरचे गेले तेव्हा आपण कुणाचं काय वाकडं केलं?

खरं तर हल्ली प्रेक्षकांचे फार लाड चाललेत. 1985 मध्ये टोकियोत हानातराश नावाच्या ग्रुपने, इजा झाली तर आम्ही जबाबदार नाही अशा फॉर्मवर लोकांच्या आधी सह्या घेतल्या आणि मग त्यांचा गायक यामांताका आय, आपण ज्याला जेसीबी म्हणतो तसलं यंत्र घेऊन हॉलमध्येच घुसला. आपल्याकडे जेसीबी बघायला फुकटात गर्दी जमते, यांनी तिकीट लावलं. धंदा शिकावा तर असा.

आता चेहरा. हे महत्त्वाचं. डोळे मिटून मान सावकाश हलवायची, ताल नसतोच त्यामुळे चुकायची भीती नाही, दडे बसले म्हणून जांभई दिलीत तरी बघणाऱ्याला समाधीच वाटते. त्या बेसमेंटमध्ये माझा बीअरचा ग्लास माझ्या डोळ्यांदेखत आपण होऊन चार बोटं सरकला, बरगड्या तर केव्हाच निघायच्या बेतात होत्या. शेजारचा माझ्या कानाशी येऊन काहीतरी ओरडला. मी म्हणालो, "टेक्स्चर!" तो खूश झाला. नंतर कळलं की बिचारा टॉयलेट कुठेय विचारत होता.

मिरवणुकीतल्या डीजेविरुद्ध सोसायटीच्या ग्रुपवर तीन पानी मेसेज टाकणारा तो मीच, पण ते ध्वनिप्रदूषण, हे ध्वनिशिल्प. फरक तिकिटाचा असतो.

दुसऱ्या दिवशी कानात बारीक कुंईईई चालू राहील. त्याला एन्कोर, म्हणजे वन्स मोअर, समजा. फक्त वरणभाताचा कुकर लावलात तर शिट्ट्या मोजायला घरातलं दुसरं कुणीतरी बसवा, मी "दोनच झाल्यात" म्हणत होतो तोवर बायकोने येऊन गॅस बंद केला होता, सातव्या शिट्टीला.