सिम लीगचा अंतिम तक्ता 'फिक्स' असतो का? फिरत्या दाव्याला मुद्देसूद उत्तर

सिम्युलेटेड बेसबॉल लीगचा (जिथे हौशी मालक खऱ्या खेळाडूंचे संघ निवडतात आणि सामने त्या खेळाडूंच्या आकडेवारीवरून फाशांनी किंवा कॉम्प्युटरवर खेळले जातात) हंगाम संपून अंतिम तक्ता लागला, की पाठोपाठ एक दावा फिरायला लागतो. शब्द थोडेफार बदलतात, मजकूर तोच: धावांच्या फरकात सगळ्यांत पुढे असलेला संघ दुसरा आला, .३३०चा बॅटर (हजार संधींत ३३० हिट मारणारा) .२९०वर अडकला, एका संघाने ओळीने दहा सामने गमावले, प्लेऑफ तिसऱ्या क्रमांकाच्या संघाने मारला आणि तोच हंगाम पुन्हा चालवला तर विजेताच बदलला. म्हणून सॉफ्टवेअर पक्षपाती आहे, किंवा सगळा खेळ फाशांचा आहे आणि मालकांच्या मेहनतीला काडीचा अर्थ नाही.

यातली निरीक्षणं बहुतेक वेळा खरी असतात. त्यांवरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकतो, आणि हंगामाची फाइल हाताशी असेल तर कुठे चुकतो ते एका संध्याकाळीत तपासता येतं. अशा दाव्यांमुळे चालत्या लीगमधून मालक बाहेर पडतात, आणि वर्षभर निकाल लावत बसलेल्या कमिशनरवर विनाकारण संशय घेतला जातो. म्हणून प्रत्येक मुद्दा नीट पाहू.

"+११०वाला दुसरा आणि +३५वाला पहिला, हे शक्यच नाही"

समजा पहिल्या संघाने ७३५ धावा केल्या, ७०० दिल्या (फरक +३५) आणि ९३ सामने जिंकले. दुसऱ्याने ७९० केल्या, ६८० दिल्या (फरक +११०) आणि ९१ जिंकले. बेसबॉलच्या आकडेवारीचे अभ्यासक बिल जेम्स यांचं पायथागोरियन सूत्र लावा: केलेल्या धावांना दिलेल्या धावांनी भागा, येणाऱ्या आकड्याचा १.८३ वा घात घ्या, आणि तो आकडा त्याच्यात १ मिळवून येणाऱ्या बेरजेने भागा. हे झालं जिंकण्याचं प्रमाण; त्याला हंगामाच्या १६२ सामन्यांनी गुणा. पहिल्या संघाचे अपेक्षित विजय निघतात साधारण ८५, दुसऱ्याचे ९२. म्हणजे दुसऱ्या संघावर काहीच अन्याय झालेला नाही. पहिल्याला आठ विजय जास्त मिळालेत, एवढंच.

आठ विजय जास्त मिळणं कितपत विचित्र? खऱ्या मेजर लीगमध्ये या सूत्राची चूक साधारण चार विजयांच्या आसपास असते. तेव्हा आठ म्हणजे दोन प्रमाण विचलनं (प्रमाण विचलन म्हणजे नेहमीच्या चढउताराचं माप). एकाच संघाकडे बोट दाखवलं तर हे दुर्मीळ वाटतं. पण लीगमध्ये बारा संघ असतात, आणि त्यांपैकी कुणीतरी एक दोन्हीपैकी एका बाजूला इतका सरकण्याची शक्यता सुमारे ४३ टक्के आहे. दहा हंगामांत चारदा हे दिसणारच.

खऱ्या मैदानावर, जिथे सॉफ्टवेअरचा संबंधच नाही, तिथेही हेच घडतं. २०१२च्या बाल्टिमोर ओरिओल्सनी ७१२ धावा केल्या, ७०५ दिल्या आणि तरी ९३ सामने जिंकले. एका धावेच्या फरकाने संपलेल्या सामन्यांत ते २९-९ होते. पुढच्याच वर्षी तशा सामन्यांत त्यांचा हिशेब २०-३१ झाला. २०१६च्या टेक्सास रेंजर्सचा फरक होता जेमतेम +८, विजय ९५, आणि एका धावेच्या सामन्यांत ३६-११.

फाइलमध्ये दोन गोष्टी बघा. पहिली, एका धावेच्या सामन्यांतला हिशेब. दुसरी, आठ किंवा जास्त धावांनी जिंकलेले सामने. १५-२ असे तीन विजय धावांच्या फरकात ३९ची भर घालतात, पण तक्त्यात ते तीनच विजय असतात. +११०मधले असे सामने वेगळे काढले की दोन संघांतलं अंतर बरंच आटतं. आणि एका धावेचे सामने निव्वळ नशिबाचे असतात असंही नाही. ड्राफ्टमध्ये (खेळाडू निवडण्याच्या फेरीत) मुद्दाम दोन तगडे रिलीव्हर (सामन्याच्या मध्यात येणारे बदली पिचर) उचलून त्यांना आठव्या-नवव्या डावासाठी राखून ठेवणाऱ्या मालकाला तिथे थोडं झुकतं माप मिळतं, आणि ते त्याने कमावलेलं असतं.

"सॉफ्टवेअरला खऱ्या खेळाडूची कामगिरी उतरवता येत नाही"

सगळ्यांत जास्त गैरसमज इथे आहे.

खेळाडूचं कार्ड किंवा रेटिंग त्याच्या मूळ लीगच्या सरासरी पिचरसमोर बेतलेलं असतं. १९६१पासून विकल्या जाणाऱ्या स्ट्रॅट-ओ-मॅटिक या कार्ड-फाशांच्या बेसबॉल खेळात हे उघड दिसतं. तीन फासे टाकायचे. वेगळ्या रंगाच्या फाशावर १ ते ३ आलं तर निकाल बॅटरच्या कार्डावर वाचायचा, ४ ते ६ आलं तर पिचरच्या. म्हणजे निम्म्या वेळा बॅटरचं कार्ड चालतच नाही. मग ज्याची खरी सरासरी .३३० आहे आणि ज्याच्या लीगची सरासरी .२५० होती, त्याचं कार्ड कितीचं हवं? सरासरी पिचरच्या .२५०शी जोडून .३३० यायला हवे, म्हणून त्याच्या कार्डात .४१० भरावे लागतात. वॉक आणि क्षेत्ररक्षणाचे तक्ते सोपेपणासाठी बाजूला ठेवू.

आता समोर असा पिचर आणा, ज्याच्याविरुद्ध खऱ्या हंगामात बॅटर .२१०च मारू शकले. त्याच उलट हिशेबाने त्याचं कार्ड .१७०चं असतं. .४१० आणि .१७० यांची सरासरी .२९०. फिरत्या दाव्यातला 'अडकलेला' आकडा नेमका हाच. कॉम्प्युटरवरच्या खेळांत फासे दिसत नाहीत, तरी शक्यतांच्या गुणोत्तराचं नेहमीचं सूत्र लावलं तर याच जोडीसाठी .२८२ येतात. दोन वाटा, उत्तर जवळजवळ एकच.

समोर इतके चांगले पिचर रोज कसे येतात, हा पुढचा प्रश्न. बारा संघांच्या ड्राफ्ट लीगमध्ये प्रत्येकी २६ खेळाडू घेतले तर ३१२ होतात. मेजर लीगचे तीस संघ त्याच मापाने ७८० खेळाडू बाळगतात. वरचे चाळीस टक्के उचलले की मार खाणारे पिचर लीगबाहेर राहतात, आणि खऱ्या हंगामात ज्यांच्यावर आपल्या बॅटरने सरासरी फुगवली ते इथे कुणाच्याच रोस्टरवर (संघाच्या यादीत) नसतात. चांगले बॅटरही एकवटतात, म्हणून पिचरांचे आकडेही बिघडतात. दोन्हींपैकी कोण जास्त दबतो ते त्या लीगने रोस्टर कसं भरलं यावर ठरतं. तेव्हा बॅटरची तुलना त्याच्या खऱ्या हंगामाशी करू नका. सिम लीगची एकूण सरासरी काढा आणि तो त्याच्या किती वर आहे ते बघा.

यात भर पडते छोट्या नमुन्यांच्या कार्डांची. खऱ्या हंगामात वीस डाव टाकून जेमतेम धावा दिलेल्या रिलीव्हरचं कार्ड अफाट निघतं. त्याला सत्तर डाव टाकू दिले तर तो लीगचा सगळ्यांत कठीण पिचर ठरतो. म्हणूनच अनेक लीग खऱ्या हंगामातल्या वापराच्या १०५ ते ११० टक्क्यांवर मर्यादा घालतात. तुमच्या लीगमध्ये ती फक्त बॅटरांना असेल आणि रिलीव्हरांना नसेल, तर बॅटिंग दबणारच. ही तक्रार रास्त आहे, पण ती नियम करणाऱ्यांकडे न्यायला हवी.

एवढं सगळं जुळवल्यावरही उरतो तो साधा चढउतार. .२९०ची खरी क्षमता आणि ५५० ॲट-बॅट (सरासरीत धरल्या जाणाऱ्या बॅटिंगच्या संधी) असतील तर प्रमाण विचलन १९ पॉइंट (.०१९) येतं. म्हणजे असा बॅटर तीनातल्या दोन हंगामांत .२७१ ते .३०९च्या दरम्यान कुठेही थांबेल, आणि उरलेल्या एका हंगामात त्याच्याही बाहेर.

"सलग दहा पराभव म्हणजे रँडम नंबरमध्ये घोळ"

नाही. अगदी बरोबरीचा, निम्मे सामने जिंकणारा संघ १६२ सामन्यांत कधीतरी सलग सहा-सात सामने हरणं हीच अपेक्षा आहे. बारा संघांचे सगळे सामने एकत्र धरले तर सगळ्यांत लांब पराभवमालिका दहाच्या आसपास जाते, आणि तीही सगळे संघ सारखे असताना. दुबळ्या संघाची यापेक्षा लांब निघेल. संशय असेलच तर मालिका मोजत बसण्यापेक्षा एक सरळ चाचणी आहे: टेबलावरच्या खेळात निकाल बॅटरच्या कार्डावरून किती वेळा वाचला गेला ते मोजा. एका संघाच्या हंगामभराच्या सुमारे ६,१०० प्लेट अपिअरन्समध्ये (बॅटर बॅटिंगला येण्याच्या एकूण खेपांत) हे प्रमाण ४८.७ ते ५१.३ टक्क्यांच्या आत यायला हवं. बारा संघांत एखादा किंचित बाहेर गेला तर तेही गणितात बसतं. पाच-सहा संघ एकाच बाजूला बाहेर असतील तर फासे बदला.

"तिसऱ्या क्रमांकाचा संघ चॅम्पियन झाला, मग हंगामाला काय अर्थ?"

प्रत्येक सामना ५५ टक्के शक्यतेने जिंकणारा संघ बेसबॉलच्या मापाने खूपच सरस. तरी सातपैकी चारची मालिका तो ६१ टक्के वेळाच जिंकतो, पाचपैकी तीनची ५९ टक्के. आठ संघांच्या प्लेऑफमध्ये एक छोटी आणि दोन मोठ्या मालिका ओळीने जिंकण्याची त्याची शक्यता सुमारे २२ टक्के. इतर कुठल्याही संघापेक्षा त्याला जास्त संधी आहे, आणि तरीही पाचातल्या जवळपास चार वेळा करंडक दुसऱ्याच्या हातात जाणार. १९०६च्या शिकागो कब्जनी ११६ सामने जिंकले आणि वर्ल्ड सिरीज त्याच शहराच्या व्हाइट सॉक्सविरुद्ध गमावली. २००१च्या सिअ‍ॅटल मरिनर्सनीही ११६च जिंकले, आणि अमेरिकन लीगच्या अंतिम मालिकेत ते यांकीजसमोर ४-१ असे गारद झाले. १९६०च्या वर्ल्ड सिरीजमध्ये यांकीजनी ५५ धावा केल्या, पायरेट्सनी २७, आणि करंडक पायरेट्सनी नेला.

शिवाय प्लेऑफ ही परीक्षाच निराळी आहे. हंगामभर दीडशे डाव टाकणारा पाचवा स्टार्टर (सामन्याची सुरुवात करणारा पिचर) तिथे मैदानात उतरतच नाही. १६२ सामने रोस्टरची खोली मागतात, तर मालिका दोन-तीन अव्वल पिचरांवर निघते. ज्या मालकाने हे ओळखून ट्रेडच्या मुदतीआधी चौथा-पाचवा स्टार्टर देऊन एक एस (अव्वल स्टार्टर) घेतला, त्याने तिसऱ्या क्रमांकावरून करंडक उचलला तर त्यात संशयास्पद काही नाही.

"पुन्हा चालवला की विजेता बदलतो"

हो, बदलतो, आणि बदलायलाच हवा. निकाल आधीच ठरलेला असता तर तो प्रत्येक वेळी तोच आला असता. पण हा पुरावा मांडणारे पुनर्खेळ एकदाच चालवतात, आणि तोही बहुतेकदा चुकीचा. नीट करायचा तर फाइलची प्रत काढा, रोस्टर पहिल्या दिवसाचे ठेवा, ट्रेड त्यांच्या त्यांच्या तारखांना घाला, दुखापतींचं सेटिंग मूळ हंगामासारखं राखा, मालकांचे लाइनअप (बॅटिंगचा क्रम) आणि रोटेशन (स्टार्टरांची पाळी) भरा, वापरमर्यादा सुरू ठेवा, आणि मग शंभर वेळा चालवा. सीड (रँडम नंबर जिथून सुरू होतात तो आकडा) प्रत्येक वेळी वेगळं आहे ना तेही बघा. तेच राहिलं तर शंभरही हंगाम एकसारखे येतील.

हमखास होणारी चूक म्हणजे शेवटच्या दिवसाचे रोस्टर वापरणं. ऑगस्टमध्ये आलेला स्लगर (जोरदार फटके मारणारा बॅटर) मग एप्रिलपासून खेळतो आणि त्याचा नवा संघ भलताच ताकदवान दिसतो. दुसरी चूक, सगळे संघ कॉम्प्युटर मॅनेजरच्या हाती देणं. तो डावखुऱ्या पिचरांसमोर वेगळा बॅटर उतरवणारी प्लाटून जोडी मोडून टाकतो आणि मालकाने वर्षभर केलेलं काम पुसलं जातं.

शंभर हंगामांची सरासरी साधारण ०.६ विजयापर्यंत अचूक असते. ९३ जिंकलेल्या संघाची सरासरी समजा ८६ आली, तर त्याला सात विजयांचं नशीब लाभलं. एका हंगामाचं प्रमाण विचलन सहाच्या वर असल्याने त्यात तक्रारीसारखं काही नाही. सरासरीपासून बारा-तेरा विजयांच्या पलीकडे कुणी गेला असेल तर तिथे थांबून बघा.

"मालकांच्या मेहनतीला अर्थ नाही"

हे तर आकड्यांनीच तपासा. बारा संघ हुबेहूब सारखे असते तरी निव्वळ नशिबाने पहिला संघ ९१च्या आसपास आणि शेवटचा ७१च्या आसपास संपला असता. हा झाला नशिबाचा पट्टा. त्याच्या प्रमाण विचलनाचा वर्ग आहे ४०.५. आता तुमच्या तक्त्यातल्या विजयांचं प्रमाण विचलन काढा. ते ११ आलं तर वर्ग १२१, त्यातून ४०.५ वजा केले की उरतात ८०.५. म्हणजे संघासंघांतल्या फरकाचा दोन-तृतीयांश भाग नशिबाने समजावता येत नाही. तो ड्राफ्ट, ट्रेड आणि लाइनअपमधून आला. विचलन सहा-साडेसहाच आलं तर तुमची लीग विलक्षण समतोल आहे, आणि तिथे पहिल्या-दुसऱ्या क्रमांकावरून भांडण्यात खरोखरच हशील नाही.

खरा बिघाड शोधायचा असेल तर तो क्रमवारीत सहसा दिसत नाही, लीगच्या एकूण आकड्यांत दिसतो. सगळ्या संघांच्या केलेल्या आणि दिलेल्या धावांची बेरीज जुळते का ते आधी बघा. न जुळल्यास एखादा बॉक्सस्कोअर (सामन्याच्या आकड्यांचा तक्ता) दोनदा चढलाय किंवा गाळलाय. यजमान संघ किती सामने जिंकले ते काढा: ९७२ सामन्यांत ५४ टक्क्यांच्या तीनेक टक्के इकडेतिकडे असेल तर ठीक, ६० असेल तर घरच्या मैदानाच्या फायद्याचं सेटिंग तपासा. प्रति सामना धावा आणि होमरन निवडलेल्या काळाच्या सेटिंगशी ताडून पहा. एखाद्या मैदानावर दोन्ही संघांचे होमरन बाहेरच्या मैदानांच्या दुप्पट पडत असतील, तर तिथला पार्क फॅक्टर (मैदानाचा खेळावरच्या परिणामाचा आकडा) कुणीतरी चुकीचा भरलाय. आणि प्रत्येक खेळाडूचा वापर त्याच्या मर्यादेशी लावून बघा, कारण लीगमधले खरे वाद तिथेच सापडतात: १२० ॲट-बॅटच्या कार्डाला ३०० मिळालेले, आणि ते सप्टेंबरपर्यंत कुणाच्या लक्षात न आलेलं.