‘रीस्टार्ट करा’ या उत्तराविषयी : एका वाचकाच्या आक्षेपांना उत्तर

सप्रेम नमस्कार.

संगणकाचा छंद आणि टेक सपोर्टची नवी नोकरी यांविषयी मी लिहिलेल्या लेखावर आपण सविस्तर आणि सडेतोड प्रतिक्रिया दिली, त्याबद्दल आभार. इतर वाचकांच्या सोयीसाठी आपले आक्षेप आधी थोडक्यात मांडते. टेक सपोर्टमध्ये प्रत्येक तक्रारीवर ‘रीस्टार्ट करा’ एवढेच सांगितले जात असल्यामुळे या कामाला तांत्रिक म्हणता येणार नाही, हा पहिला. वापरकर्ता ‘रीस्टार्ट केले’ असे सांगत असतानाही मी यंत्रावरची नोंद तपासते असे मी लिहिले होते. त्यातून समोरच्याला खोटारडे ठरवण्याची वृत्ती दिसते, हा दुसरा. जुने लॅपटॉप खोलण्याचा आणि त्यांवर लिनक्स ही कार्यप्रणाली बसवण्याचा छंद असलेल्या माणसाने त्याचीच नोकरी पत्करली की छंदही जातो आणि प्रोग्रॅमिंगसारखे टिकाऊ कौशल्यही हाती लागत नाही, हा तिसरा. शिवाय आपला स्वतःचा संगणक दुपारनंतर मंदावतो आणि प्रत्येक फोनवर आपल्याला रीस्टार्टचाच सल्ला मिळतो, असेही आपण लिहिले आहे. या शेवटच्या अनुभवामुळे आपला सूर चढला असावा, असा माझा तर्क आहे. त्या अनुभवाकडे मी अखेरीस येते.

आधी रीस्टार्टविषयी. हा उपाय हास्यास्पद वाटतो, कारण त्यामागचे कारण सहसा कोणी सांगत नाही. संगणक चालू असताना प्रोग्रॅम मेमरी घेतात आणि काही वेळा परत करत नाहीत, एखादी प्रक्रिया दुसरीची वाट पाहत अडकून बसते, फाइल उघडी राहून कुलूपबंद होते, अपडेट अर्धवट बसते आणि ड्रायव्हर (प्रिंटरसारखे उपकरण चालवणारा प्रोग्रॅम) आपल्या आधीच्या अवस्थेतच घोटाळत राहतो. रीस्टार्टमुळे हे सारे पुसले जाऊन यंत्र एका माहीत असलेल्या अवस्थेत येते, आणि शोध माहीत असलेल्या जागेपासून सुरू करणे केव्हाही सोयीचे असते. ही गरज फक्त कचेरीतल्या संगणकांना असते असेही नाही. बोइंग ७८७ या विमानाच्या विद्युतजनित्रांचे नियंत्रण करणाऱ्या सॉफ्टवेअरमधला एक गणक सलग २४८ दिवस वीजपुरवठा चालू राहिल्यास मर्यादा ओलांडतो, आणि मग सगळी जनित्रे एकाच वेळी बंद पडू शकतात, असे आढळल्यावर अमेरिकेच्या हवाई वाहतूक प्रशासनाने २०१५ मध्ये ठरावीक मुदतीच्या आत वीजपुरवठा बंद करून पुन्हा सुरू करण्याचा आदेश काढला. विंडोज ९५ मध्येही असाच एक गणक होता. तो मिलिसेकंद मोजत असे आणि सुमारे ४९.७ दिवसांनी भरून जाई, त्यामुळे यंत्र गोठू शके. (विंडोज ९५ तितके दिवस न अडखळता चालवून दाखवणे हाच पराक्रम होता, हे मात्र मान्य करायला हवे.)

पण रीस्टार्टने काम झाले की नाही, यापेक्षा माझ्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न असतो तो बिघाड परत केव्हा येतो हा. रीस्टार्टनंतर तो लगेच, तसाच्या तसा दिसला, तर दोष डिस्कवर साठवलेल्या एखाद्या मांडणीत, ड्रायव्हरमध्ये किंवा हार्डवेअरमध्ये आहे असे समजून पुढे जाता येते. काही तासांनी हळूहळू परत आला, तर काहीतरी साचत आहे. ठरावीक दिवशी किंवा ठरावीक कृतीनंतरच आला, तर संगणकाबाहेरच्या गोष्टींकडे, म्हणजे वीज, नेटवर्क आणि माणसांच्या सवयी यांच्याकडे पाहावे लागते. म्हणूनच रीस्टार्ट सांगून फोन ठेवून देणारा आणि रीस्टार्ट सांगून ‘पुन्हा झाले तर किती वेळाने झाले, तेवढे लिहून ठेवा’ असे म्हणणारा, यांचे काम एकच आहे असे मला म्हणता येत नाही. आपली तक्रार पहिल्या प्रकाराविषयी आहे आणि ती रास्तच आहे. जिथे प्रत्येक कॉल किती मिनिटांत संपला यावर काम मोजले जाते तिथे पहिला प्रकार फोफावतो, कारण तिकीट, म्हणजे नोंदवलेली तक्रार, बंद झाल्याची नोंद होते आणि बिघाड परत आला तर ते नवे तिकीट धरले जाते.

याचे एक उदाहरण देते. एका लहान कार्यालयातल्या संगणकावर कोणतेही संकेतस्थळ उघडले की ते असुरक्षित असल्याचा इशारा येत असे. जुनी तिकिटे पाहिली तर प्रत्येकावर ‘तारीख-वेळ दुरुस्त केली, रीस्टार्ट केले, चालू झाले’ अशी एकसारखी नोंद होती. संगणकाची तारीख काही वर्षे मागे गेली की संकेतस्थळांची ओळख पटवणारी, ठरावीक मुदतीची प्रमाणपत्रे त्याला अजून लागूच न झालेली वाटतात आणि ब्राउझर इशारा देतो, इथपर्यंत त्या नोंदींचा अर्थ सरळ होता. फोनवरच्या बाईंनी मात्र बोलता बोलता ‘हे नेमके सोमवारीच होते हो’ असे म्हटले, आणि खरी माहिती त्या वाक्यात होती. तिथे शनिवारी संध्याकाळी भिंतीवरचा मुख्य स्विच बंद केला जाई. एरवी संगणक बंद असला तरी प्लग चालू असल्यामुळे मदरबोर्डला (संगणकातल्या मुख्य सर्किट-पट्टीला) थोडी वीज मिळत राहते आणि घड्याळ तिच्यावर चालते. ती वीज तुटली की घड्याळाची सगळी भिस्त मदरबोर्डवरच्या नाण्याएवढ्या बॅटरीवर असते आणि ती बॅटरी संपली होती. तारीख इतकी मागे गेल्यावर विंडोजही ती आपण होऊन सुधारत नव्हते, कारण कोणत्याही डोमेनला (संस्थेच्या मध्यवर्ती व्यवस्थेखालच्या संगणकगटाला) न जोडलेल्या विंडोज संगणकात मूळ मांडणीनुसार १५ तासांहून मोठी तफावत आपोआप दुरुस्त केली जात नाही. सीआर २०३२ ही बॅटरी बदलली आणि सोमवारची तिकिटे थांबली. मी घरी जुने लॅपटॉप खोलत आले असल्यामुळे मरणाऱ्या बॅटरीची ही लक्षणे मला ओळखीची होती. सोमवारचा धागा मात्र बाईंनी दिला, आणि तो पकडायला त्यांचे बोलणे पुरते ऐकून घेणे भाग होते.

आता खोटारडेपणाच्या आक्षेपाकडे. मी नोंद तपासते हे खरे आहे आणि यापुढेही तपासत राहीन, पण त्यामागचे कारण आपण समजलात त्याच्या नेमके उलट आहे. एक गृहस्थ रोज संध्याकाळी संगणक शट डाउन करून घरी जात आणि तसे ते ठासून सांगत होते. विंडोजच्या टास्क मॅनेजर या साधनात परफॉर्मन्सच्या पानावर सीपीयूच्या (प्रोसेसरच्या) आलेखाखाली ‘अप टाइम’, म्हणजे यंत्र किती वेळ सलग चालू आहे, असा आकडा असतो. त्यांच्या संगणकावर तो तीन आठवड्यांच्या पुढे गेलेला होता. गृहस्थ शब्दशः खरे बोलत होते. २०१२ मध्ये आलेल्या विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आहे. ती चालू असली की शट डाउन करताना वापरकर्त्याचे प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजच्या गाभ्याची आणि ड्रायव्हरांची अवस्था डिस्कवर लिहून ठेवली जाते आणि सकाळी तीच पुन्हा मेमरीत आणली जाते. त्यामुळे संगणक झटकन सुरू होतो खरा, पण अडकलेला ड्रायव्हरही अडकलेल्या स्थितीतच उठतो. मेनूतला ‘रीस्टार्ट’ हा पर्याय ही सोय वापरत नाही, तो सारे मुळापासून सुरू करतो. संगणक बंद करून चालू करणे म्हणजेच रीस्टार्ट, असे समजणाऱ्या माणसाचा यात काय दोष? मी तो आकडा पाहिला नसता, तर त्यांचे म्हणणे खरे धरून भलत्याच दिशेला शोध घेत बसले असते किंवा त्यांच्यावर अविश्वास दाखवला असता.

प्रश्न कसा विचारावा, हेही मी या नोकरीत शिकत आहे. ‘केबल नीट लावली आहे का?’ या प्रश्नाला कोणीही ‘हो’च म्हणतो, कारण टेबलाखाली वाकून पाहण्याआधीच उत्तर तोंडात आलेले असते आणि ‘नाही’ म्हणण्यात थोडा कमीपणाही वाटतो. ‘केबल दोन्ही बाजूंनी काढा आणि टोकांची अदलाबदल करून पुन्हा लावा’ असे सांगितले, तर माणसाला दोन्ही टोकांपर्यंत जावेच लागते आणि सैल टोक कोणाचाही मान न दुखावता घट्ट बसते. ‘इंटरनेट बंद आहे’ या वाक्यात तर चार-पाच वेगवेगळे बिघाड लपलेले असू शकतात. संगणकाचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक, १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर त्याला नेटवर्ककडून पत्ता मिळालेला नाही आणि त्याने स्वतःच एक घेतला आहे. पत्ता ठीक असून बाहेरच्या एखाद्या आयपी पत्त्यापर्यंत पिंग, म्हणजे चाचणीचा छोटा संदेश, पोहोचत असेल, पण संकेतस्थळ नावाने उघडत नसेल, तर डीएनएसकडे, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या सेवेकडे, पाहावे लागते. हे सारे फोनवरून, ज्याला यातले काही ठाऊक असण्याचे कारण नाही अशा आणि आधीच वैतागलेल्या माणसाकडून काढून घ्यायचे असते. ‘हे तर गूगलवर मिळते’ असे आपण म्हणता. उत्तर मिळतेही, पण शोधायचे काय हे ठरल्यावर. आणि इथला बराचसा वेळ ते ठरवण्यातच जातो.

दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलायला लावणारे सपोर्टवाले, असा एक टोला आपण जाता जाता मारला आहे. तो नियम सपोर्टवाले करत नाहीत. अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक संस्थेने २०१७ मध्येच, पासवर्ड फुटल्याचा पुरावा नसेल तर केवळ मुदत झाली म्हणून तो बदलायला लावू नये, अशी भूमिका घेतली. तरीही जुने धोरण अनेक ठिकाणी चालू आहे आणि त्याचा त्रास वापरकर्त्याइतकाच आम्हालाही होतो.

छंदाविषयी आपण लिहिलेत ते मला अधिक विचार करण्याजोगे वाटले. ॲपलचे सहसंस्थापक स्टीव्ह वॉझ्निअक दिवसा हिउलेट-पॅकार्ड या कंपनीत कॅल्क्युलेटरचे काम करत आणि १९७६ मध्ये विक्रीस आलेला ॲपल-१ हा संगणक त्यांनी त्याच काळात फावल्या वेळात घडवला. नोकरीही इलेक्ट्रॉनिक्सची आणि छंदही इलेक्ट्रॉनिक्सचाच. माझ्यासारख्या सामान्य हौशीने एवढ्या मोठ्या नावामागे लपू नये, हे मला कळते. पण विषय एक असला म्हणून दोन्ही कामे एक होत नाहीत, एवढे त्यावरून दिसते. घरच्या लॅपटॉपवर वायफाय चालेनासे झाले, तर मी ड्रायव्हर, कर्नल (प्रणालीचा गाभा) आणि मांडणी अशा तीन गोष्टी एका दमात बदलते, आणि चालू झाले की कशामुळे झाले याची पर्वा न करता आनंदाने झोपते. नाहीच जमले, तर डिस्क पुसून सारे नव्याने बसवते. यातले काहीही दुसऱ्याच्या संगणकावर करता येत नाही. तिथे एका वेळी एकच गोष्ट बदलायची, काय बदलले ते तिकिटात लिहायचे, आणि डेस्कटॉपवर ‘नवीन फायनल २’ अशा नावाने ठेवलेल्या फाइलवर कोणाचे तरी महिनाअखेरीचे काम उभे आहे असे गृहीत धरून चालायचे. या शिस्तीचा भार छंदावर पडू नये म्हणून घरी मी मुद्दाम नोंदी ठेवत नाही. पसारा करण्याची मुभा हाच तर छंदाचा मोठा भाग आहे, आणि नोकरीने ती माझ्याकडून घेतलेली नाही. थकवा येतो तो माणसांशी बोलून, यंत्रांना हात लावून नव्हे. त्यामुळे संध्याकाळी स्क्रूड्रायव्हर हाती घेताना कंटाळा येत नाही.

प्रोग्रॅमिंग शिकावे हा सल्ला चांगला आहे आणि रोजची रटाळ कामे उरकण्यापुरते मी पॉवरशेल या विंडोजमधल्या आज्ञांच्या भाषेत लिहितेही. मात्र सपोर्ट ही त्याची खालची पायरी आहे, हे मला मान्य नाही. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला आपल्या प्रोग्रॅमची सहसा सविस्तर माहिती असते; सपोर्टमधल्या माणसासमोर अनेक प्रोग्रॅम, एक प्रिंटर, न पाहिलेले नेटवर्क आणि काळजीत पडलेला माणूस हे सगळे एकदम येते, आणि यांतल्या कोणाचीही पुरती माहिती नसताना दोष कुठे आहे ते हुडकायचे असते.

आता आपला संगणक. दुपारनंतर मंदावतो आणि रीस्टार्टनंतर सुरळीत चालतो, या वर्णनावरून काहीतरी साचत असावे असे वाटते, पण पाहिल्याशिवाय ठामपणे सांगणार नाही. उद्या सकाळी संगणक सुरू केल्यावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, प्रोसेसच्या यादीत ‘मेमरी’ या शीर्षकावर क्लिक करून क्रम लावा आणि वरची चार-पाच नावे आकड्यांसह टिपून ठेवा. परफॉर्मन्सच्या पानावर मेमरीखाली ‘कमिटेड’ (प्रोग्रॅमांना देऊ केलेली एकूण मेमरी) आणि ‘नॉन-पेज्ड पूल’ (विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर यांनी अडवलेली मेमरी) असे दोन आकडे दिसतील, तेही लिहा. दुपारी यंत्र जड झाले की रीस्टार्ट करण्याआधी हेच सारे पुन्हा टिपा. यादीतल्या एखाद्याच नावाचा आकडा फुगला असेल, तर तो प्रोग्रॅम किंवा ब्राउझरचे एखादे एक्स्टेन्शन संशयित ठरते. नावे जागच्या जागी असून नॉन-पेज्ड पूल वाढत गेला असेल, तर एखादा ड्रायव्हर मेमरी परत करत नसण्याची शक्यता अधिक. दोन्ही आकडे होते तेवढेच राहिले, तर मेमरीचा नाद सोडून प्रोसेसरचे तापमान आणि त्याच पानावर दिसणारा त्याचा वेग पाहा. पंख्यात धूळ साचली की प्रोसेसर तापून स्वतःचा वेग कमी करतो, आणि रीस्टार्टच्या काळात थोडा निवल्यामुळे काही वेळ सुरळीत चालल्यासारखे वाटते. आपल्या नोंदी इथेच लिहिल्यात तर मी त्या पाहीन, आणि पुढच्या वेळी सपोर्टला फोन कराल तेव्हा त्या पहिल्या वाक्यातच वाचून दाखवा.

आपली नम्र,
लेखिका