‘झिरो टिकत नाही, सरळ फसवणूक’ या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा एक तारा आणि त्याखालचं सगळं मी दोनदा वाचलं. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. तुम्ही आमच्या बुधवार पेठेतल्या दुकानातून साडेअठरा हजारांचा ६-२४×५० (६ ते २४ पट मोठं दाखवणारा, पुढची काच ५० मिलिमीटरची) स्कोप, म्हणजे रायफलवरची नेमाची दुर्बीण, आणि तो बसवायच्या रिंगा नेल्यात. दोनशे छर्ऱ्यांच्या आत झिरो, म्हणजे नेम धरला तिथेच छर्रा पडण्याची जुळणी, हलायला लागला. संध्याकाळी चित्र काळपट दिसतं, पावसाळ्यात काच धुरकटली. तक्रार घेऊन आलात, तर काउंटरवर ‘तुम्हीच चुकीचा बसवलाय’ एवढं ऐकून परत जावं लागलं. म्हणून तुम्ही ‘डुप्लिकेट माल’ आणि ‘फसवणूक’ असं लिहिलंत.

आधी काउंटरचं. तिथे माझा भाचा होता. स्कोप हातात न घेता, न तपासता असं बोलायचा त्याला अधिकार नव्हता. त्याबद्दल मी तुमची मनापासून माफी मागतो. नंतर माझ्या विनंतीवरून तुम्ही स्कोप रायफलवरून न उतरवता पुन्हा घेऊन आलात, आणि मी तो तुमच्यासमोर उतरवला. त्या दिवशी दुकानात गर्दी होती, नीट बोलणं झालं नाही. जे तेव्हा सांगायला हवं होतं ते इथे सांगतो.

स्कोप डुप्लिकेट नाही. आमच्याकडे वडिलांच्या काळापासून सर्व्हेच्या दुर्बिणी तपासायचा कॉलिमेटर आहे. तुम्ही गेल्यावर त्यावर स्कोप लावला. टरेट (नेम सरकवायची फिरती बटणं) मधोमध आणून ४० क्लिक (बटणाचे एकेक टप्पे) वर, ४० उजवीकडे, ४० खाली, ४० डावीकडे असा चौकोन फिरवला. क्रॉसहेअर (आत दिसणारी नेमाची आडवी-उभी रेघ) निघाली तिथेच परत आली. पाच वेळा केलं, पाचही वेळा तेच. मग तुमच्या रायफलवर झिरो का टिकत नव्हता?

उतरवण्याआधी मी वरचा टरेट फिरवून पाहिला होता. वरच्या टोकापर्यंत फक्त ९ क्लिक शिल्लक होते. खरं दुखणं तिथेच आहे. स्कोपच्या नळीच्या आत आणखी एक बारीक नळी असते, तिला इरेक्टर ट्यूब म्हणतात. टरेटचा स्क्रू तिला वरून दाबतो आणि समोरून एक स्प्रिंग तिला स्क्रूवर रेटून धरते. ‘अप’कडे क्लिक द्याल तसा स्क्रू मागे सरतो आणि ती स्प्रिंग सैल पडत जाते. अगदी टोकाला गेलात की स्प्रिंगमध्ये रेटा उरत नाही. प्रत्येक हिसक्याला आतली नळी किंचित हलते आणि दर वेळी तिथेच परत येईल याचा भरवसा राहत नाही. म्हणून कॉलिमेटरवर शहाण्यासारखा वागणारा स्कोप तुमच्या रायफलवर भरकटत होता.

टरेट इतका वर का न्यावा लागला? तुमची रायफल ४.५ मिलिमीटरची, स्प्रिंगची, बॅरल मोडून (म्हणजे खाली वाकवून) भरायची. या प्रकारात बऱ्याचदा बॅरल, रिंगा बसतात त्या वरच्या खाचेच्या मानाने किंचित खाली झुकलेली असते. छर्रा खाली पडतो, माणूस क्लिक वर देत जातो. यात तुमचं काहीच चुकलं नाही, कोणीही हेच करेल. यावर उपाय म्हणजे मागची बाजू जराशी उंच असलेला माउंट, म्हणजे स्कोप धरणारी बैठक. लांब पल्ल्याच्या मोठ्या रायफलवर २० एमओएचा (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग) उतार असलेली रेल, म्हणजे स्कोप बसवायची पट्टी, लावतात ती याच तत्त्वावर. १०० मीटरवर एक एमओए म्हणजे सुमारे २९ मिलिमीटर, म्हणजे २० एमओएला जवळजवळ ५८ सेंटिमीटर. तेवढं काम रेलनंच केलं की टरेट मधल्या पट्ट्यात राहतो. आम्ही तुम्हाला साध्या सरळ रिंगा दिल्या. ही चूक आमची.

दुसरी चूक याहून मोठी, आणि तीही आमचीच. काडतुसाची रायफल हिसका देते तो मागे. स्प्रिंगच्या एअर रायफलमध्ये पिस्टन पुढे धावताना रायफल मागे जाते, आणि पिस्टन सिलिंडरच्या टोकाशी येऊन थांबला की तीच रायफल जोरात पुढे झटका खाते. बरेचसे स्कोप फक्त मागच्या धक्क्यासाठी बांधलेले असतात. उलट्या झटक्यानं चांगल्या महागड्या स्कोपच्याही काचा आत ढिल्या होतात. छर्ऱ्याची रायफल म्हणजे हलकं काम असं वाटतं, पण स्कोपच्या दृष्टीनं ती फार निष्ठुर असते. तुमच्या ११ मिलिमीटरच्या खाचेवर रिंग मागे घसरल्याचा ताजा चरा मी तुम्हाला दाखवला होता, तो याच झटक्याचा. तिथे स्टॉप पिनवाला, म्हणजे मागे घसरू न देणारी खीळ असलेला, माउंट लागतो.

दुकानात आल्यावर तुम्ही विचारलंत, ‘लांबचं स्पष्ट दिसेल असा स्कोप आहे का?’ आणि आमच्याकडून ६-२४ पुढे सरकवला गेला. रायफल कोणती हे कोणी विचारलंच नाही. मी या धंद्यात तीस वर्षं आहे, म्हणून मला याची जास्त लाज वाटते. चष्मा करताना डोळा न तपासता भिंग देण्यासारखंच झालं हे.

संध्याकाळच्या काळपटपणाचा हिशोब सोपा आहे. पुढच्या काचेचा व्यास भागिले स्कोप किती पट मोठं दाखवतो तो आकडा. ५० भागिले २४ म्हणजे जेमतेम २ मिलिमीटरचा प्रकाशाचा झोत डोळ्यात येतो. अंधुक उजेडात बाहुली याहून बरीच मोठी होते, म्हणून चित्र काळं वाटतं. १० वर ठेवलात तर तोच झोत ५ मिलिमीटरचा होईल. शिवाय या स्कोपचं पॅरलॅक्स (क्रॉसहेअर आणि लक्ष्य एकाच पातळीवर आणण्याची जुळणी) ५० यार्डांच्या अलीकडे जुळत नाही आणि तुम्ही मुळशीच्या शेतावर मारता २५ मीटरवर. डोळा जरा इकडेतिकडे झाला की क्रॉसहेअर कागदावर तरंगते आणि छर्रे पसरतात. तुम्हाला १० यार्डांपासून फोकस होणारा, एअर रायफलसाठी बांधलेला ३-९×४० पुरेसा होता, आणि तो निम्म्याहून कमी किमतीत आला असता.

आता तुमच्या बाजूच्या दोन गोष्टी, रागावू नका. रिंगांखाली नळी दबलेली आहे. ॲल्युमिनियमची नळी आहे, एलन कीला पाइप लावून आवळली की ती दबणारच. रिंगेच्या स्क्रूंना १५ ते १८ इंच-पाउंड, म्हणजे पावणेदोन ते दोन न्यूटन-मीटर पुरे होतात. ते समोरासमोरचे, थोडेथोडे, दोन्ही बाजूंची फट सारखी ठेवत आवळायचे. क्रॉसहेअरही एका अंगाला कललेली होती. ती सरळ करायला फार काही लागत नाही. गवंड्याचा ओळंबा झाडाला टांगायचा, वारा नसताना दोरीशी उभी रेघ जुळवायची आणि मगच शेवटचा आवळा द्यायचा. तुमच्या २५ मीटरला हा कल फारसा जाणवणार नाही, पण अंतर वाढलं की दर क्लिकबरोबर छर्रा बाजूला जातो.

दुसरी गोष्ट काचेची. धूर आत नव्हता. आत नायट्रोजन भरलेला आहे आणि सील शाबूत आहेत. तुम्ही एसी गाडीतून मुळशीच्या पावसाळी हवेत स्कोप काढलात की बाहेरच्या काचेवर दव धरतं. दहा-पंधरा मिनिटं केसमध्येच ठेवून मग उघडलात तर होत नाही. मला जास्त काळजी वाटली ती डोळ्याकडच्या काचेच्या कडेला दिसलेल्या बुरशीच्या धाग्यांची. जून ते सप्टेंबर फोमच्या बंद केसमध्ये, कपाटात ठेवल्यानं ती आली. आत्ता ती वरच्या वर आहे, मी साफ करून देतो. अजून एक पावसाळा गेला असता तर कोटिंग खाल्लं असतं आणि मग माझाही इलाज नव्हता. हवाबंद डबा, त्यात सिलिका जेल, आणि पुड्यांचा रंग बदलला की त्या गरम करून परत घालायच्या. पुसताना आधी फुंकणीनं धूळ उडवा, मग मऊ ब्रश, शेवटी मायक्रोफायबर. सदऱ्याच्या टोकानं कधीच नको.

रिव्ह्यूच्या शेवटी तुम्ही लिहिलंय की हे सगळं मुलाला पुढे स्पर्धेत उतरवण्यासाठी होतं. ते वाचून मला फार वाईट वाटलं, कारण हे आधी कळलं असतं तर मी तुम्हाला स्कोप विकलाच नसता. ऑलिंपिक पद्धतीच्या रायफल स्पर्धांमध्ये दुर्बिणीचा स्कोप चालत नाही. २०२४ मध्ये पॅरिसला स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ मिळवलं ते भोकाच्या पीप साइटवर. १० मीटर एअर रायफलच्या कागदावर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, आणि तोही मुलं पीप साइटनंच मारतात. मुलाला आधी एकदा बालेवाडीच्या रेंजवर नेऊन आणा, तिथल्या प्रशिक्षकांशी बोला, मग काय घ्यायचं ते ठरवा.

हिशोब असा. नळी दबलेली असली तरी मी स्कोप आणि रिंगा पूर्ण साडेअठरा हजारांना परत घेतो. ही वस्तू त्या रायफलवर जायलाच नको होती. रोख हवे असतील तर रोख. शेतावरच्या नेमबाजीसाठी ३-९ हवा असेल, तर मागून उंच, स्टॉप पिनवाला माउंट आमच्याकडून आणि मी स्वतः बसवून देईन. ‘फसवणूक’ हा शब्द काढा असं मी म्हणणार नाही, ते तुमच्यावर आहे. ‘डुप्लिकेट’ मात्र काढलात तर बरं, कारण ते खरं नाही आणि त्याचा ठपका आम्हाला माल देणाऱ्यांवर जातो.

काउंटरवर आता आधी रायफल कोणती, मग किती अंतर, मग कशासाठी हे विचारल्याशिवाय कपाट उघडायचं नाही असं ठरलंय. भाच्यानं ते स्वतःच्या हातानं पुठ्ठ्यावर लिहून लावलंय.

मी रविवार सोडून रोज अकरा ते सात दुकानात असतो. येताना रायफल बॅरल मोडून, रिकामी आहे हे तपासून, कव्हरमध्ये घालून आणा. २५ मीटरवर मारलेले जुने कागद ठेवले असतील तर तेही आणा, छर्रे कुठे पडत होते ते पाहून माउंट किती उंच हवा ते ठरवता येईल.