पहिल्या दौऱ्याला ढोलकी घरी ठेवून जाऊ नका

माझी भाची ऑक्टोबरात युरोपला गायला जाणार आहे. लंडन, ॲम्स्टरडॅम, फ्रँकफर्ट आणि पॅरिस. चार शहरं, चार कार्यक्रम, दोन-अडीचशे खुर्च्यांचे हॉल. अमळनेरच्या आमच्या गल्लीत बातमी पसरल्यापासून घरी माणसांची रीघ लागलीय, आणि येणारा प्रत्येक जण एखादा सल्ला देऊन जातो. त्यातला एक सल्ला सगळ्यांत जास्त वेळा ऐकलाय आणि तोच मला अजिबात पटत नाही, म्हणून लिहायला बसलो.

सल्ला असा: पोरीला एकटीलाच पाठवा. ट्रॅक, म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेलं वाद्यांचं संगीत, पेनड्राइव्हमध्ये भरून द्या. वादकांची तिकिटं, व्हिसा, राहणं-खाणं हा खर्च कशाला? आणि अहिराणी दोनच गाणी ठेवा, बाकी हिंदी. तिकडच्या आयोजकांचंही पहिलं म्हणणं हेच होतं. ती माणसं चांगली आहेत, पदरचे पैसे घालून हे करतायत, त्यांच्यावर माझा राग नाही. पण मी 22 वर्षं साउंडच्या धंद्यात आहे. हळदीचा डीजे लावलाय, भारुडाला माइक लावलाय, आणि ट्रॅकवर गाणाऱ्यांच्या कार्यक्रमांनी माझं घर चालवलंय. त्यांना मी कमी लेखत नाही. तरी सांगतो, पहिल्या दौऱ्याला ढोलकी घरी ठेवून जाऊ नये.

कारण सुरत.

खान्देशातला गायक बाहेर पडला की आधी सुरतेलाच जातो. उधना, लिंबायतकडे आपली किती घरं आहेत ते सगळ्यांना माहीत आहे. तीन वर्षांपूर्वी भाचीचा तिथे पहिला कार्यक्रम होता. ताप्ती लाइनच्या गाडीने आम्ही गेलो, ढोलकी मांडीवर घेऊन. निम्म्याहून जास्त खुर्च्या रिकाम्या. पोरगी विंगेत रडायच्या बेताला आलेली. सगळं ट्रॅकवर ठरलेलं होतं, तशी सात-आठ गाणी झाली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, मोबाइल पाहिले. शेवटी तिने नुसत्या ढोलकीवर आखाजीचं, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाचं, एक गाणं धरलं. आमच्या मायने, म्हणजे तिच्या आजीने शिकवलेलं. दुसऱ्या कडव्याला पुढच्या रांगेतला एक लूमवरचा (कापडाच्या मागावर काम करणारा) माणूस उभा राहिला आणि म्हणाला, "बेन, आमना गावले हाई कडवं असं नही." आणि त्याने स्वतःच्या गावची चाल म्हणून दाखवली. अण्णांनी, म्हणजे आमच्या ढोलकीवाल्यांनी, क्षणभर ऐकलं आणि ठेका त्याच्या चालीवर वळवला. मागून एक बाई म्हणाली, आमच्याकडे तिसरंच. ते एक गाणं अर्धा तास चाललं. नंदुरबारकडची चाल, धरणगावकडची चाल, शिरपूरकडची चाल. मी मिक्सरवर बसून नुसता बघत होतो, हात लावायला काही उरलंच नव्हतं.

ट्रॅकला हे जमत नाही. ट्रॅक कुणासाठी थांबत नाही आणि कुणाची चाल ऐकून वळत नाही. लंडनच्या हॉलमध्ये एखादी पारोळ्याची सून बसलेली असेल आणि ती उठून म्हणाली की आमच्याकडे असं नाही, तर पेनड्राइव्ह तिला काय उत्तर देणार?

(त्या सुरतच्या कार्यक्रमाचे निम्मे पैसे अजून आलेले नाहीत. तो विषय इथे नको.)

रिकाम्या खुर्च्यांची भीती हे खरं कारण आहे, हे मला कळतं. हॉल भरला नाही तर गावात काय तोंड दाखवायचं? म्हणून हिंदी गाणी, म्हणून सोपा मार्ग. गेला महिनाभर रात्री दुकान बंद केल्यावर मी मोठ्या गायकांच्या पहिल्या दौऱ्यांबद्दल वाचतोय. स्वीडनचा ॲबा हा गट घ्या. 6 एप्रिल 1974 ला इंग्लंडमधल्या ब्रायटन शहरात त्यांनी युरोव्हिजन ही गाण्यांची स्पर्धा जिंकली, सगळ्या युरोपात नाव झालं. त्याच वर्षी नोव्हेंबरात ते पहिल्यांदा देशाबाहेर दौऱ्यावर निघाले: डेन्मार्क, पश्चिम जर्मनी, ऑस्ट्रिया. बहुतेक हॉल भरले नाहीत. मागणीच नाही म्हणून काही कार्यक्रम रद्द करावे लागले, स्वित्झर्लंडमधला एकुलता एक कार्यक्रम त्यातच गेला. दोनच महिन्यांनी, जानेवारी 1975 मध्ये, ते स्कँडिनेव्हियात आपल्या माणसांपुढे गायले आणि तिथे हॉल भरून वाहिले. पुढे 14 फेब्रुवारी 1977 ला लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्यांचे एकाच दिवशी दोन कार्यक्रम झाले, आणि त्या तिकिटांसाठी 35 लाख मागण्या आल्या होत्या असं सांगतात. मधल्या काळात गाणी वाढली, तयारी वाढली. पण पहिल्या वेळी अर्ध्या हॉलपुढे गाण्यातून तेही सुटले नाहीत.

ॲबाने इंग्रजीत गाऊन जग जिंकलं, असं लगेच कुणीतरी म्हणेल. ते खरंच आहे. पण तो काळ गेला. दक्षिण कोरियाचा बीटीएस गट ऑक्टोबर 2018 मध्ये लंडन, ॲम्स्टरडॅम, बर्लिन, पॅरिस असा फिरला आणि 1 व 2 जून 2019 ला वेम्बली स्टेडियमवर उभा राहिला, कोरियन गाणी घेऊन. समोरच्या पोरापोरींना कोरियन बोलता येत नव्हतं, पण गाण्याचे शब्द पाठ होते. दिलजित दोसांझ 2023 मध्ये अमेरिकेतल्या कोचेला महोत्सवात पगडी बांधून पंजाबीतच गायला आणि 2024 च्या दौऱ्यात पॅरिस, लंडनलाही पंजाबीतच. पंजाबी माणूस जगभर आहे म्हणून त्याला जमलं, असं म्हणतात. मान्य. मग आपली माणसं कुठे नाहीत? फ्रँकफर्टला, ॲम्स्टरडॅमला कंपन्यांत बसलेली जळगाव-धुळ्याची पोरं मीटिंगमध्ये इंग्रजी बोलतात, घरी मराठी, आणि फोनवर आईशी अहिराणी. हिंदी गाणी त्यांना तिकडे रोज मिळतात. आखाजीचं गाणं कोण ऐकवणार?

"आपला गाना तठे कोन आयकी रे भो?" असं मला माझ्याच वयाचा मित्र विचारतो, तेव्हा वाईट वाटतं. बहिणाबाई आपल्या आसोद्याच्या. शाळेचं तोंड न पाहिलेल्या त्या बाईच्या ओव्या 1952 मध्ये पुस्तकात आल्या आणि घरची बोली अख्ख्या महाराष्ट्राने डोक्यावर घेतली. तरी आपल्याला आपल्या बोलीची लाज वाटतेच. यूट्यूबवर अहिराणी गाण्यांना कोटींनी व्ह्यूज मिळतात, त्यातले किती जण अहिराणी बोलणारे असतील?

आता खर्चाचं बोलतो, कारण नुसत्या भावनेवर विमान उडत नाही. अण्णा ढोलकीला, एक पोरगा कीबोर्डला, एक डफ-संबळ दोन्ही वाजवणारा, आणि मी साउंडला. भाचीसकट पाच. शेंगेन व्हिसाची, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालतो त्या व्हिसाची, फी जून 2024 पासून माणशी 90 युरो आहे, आणि त्यात ॲम्स्टरडॅम, फ्रँकफर्ट, पॅरिस तिन्ही येतात. लंडनसाठी व्हिसा वेगळा, म्हणून लंडन आधी उरकायचं. वाद्यांसाठी कार्ने नावाचा कागद काढता येतो, म्हणजे सामानाचा पासपोर्टच. आपल्याकडे तो फिक्की ही उद्योगांची संघटना देते आणि वर्षभर चालतो. त्यात वाद्यांची यादी, वजन, किंमत सगळं लिहायचं आणि जे नेलं ते परत आणायचं. ढोलकीच्या शिसमाच्या खोडाची मला भीती होती, कारण 2017 पासून त्या जातीचं लाकूड सरहद्दीपलीकडे न्यायला परवाना लागायला लागला होता. पण तयार वाद्यांना नोव्हेंबर 2019 पासून त्यातून सूट आहे. वीज तिकडेही 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ, आपल्यासारखीच, नुसते प्लग बदलायचे, आणि लंडनचा प्लग वेगळा. अमेरिकेला जायचं असतं तर ट्रान्सफॉर्मर वाहावा लागला असता.

आवाजाचं वाचून तर मी थांबलोच. फ्रान्समध्ये नियम आहे की 15 मिनिटांची सरासरी 102 डेसिबलच्या वर जाता कामा नये. जर्मनीच्या मानकात अर्ध्या तासाची सरासरी 99. इकडे हळदीत माझ्याच बेसने घरांच्या काचा थरथरतात, हे मी मान्य करतो. त्या मर्यादेत ढोलकी छान बोलते. उलट तिची चाट (काठावरचा बोल), तिची घिस्स (घासून काढलेला घुमारा) तेवढ्याच आवाजात ऐकू येते. आणि तिथल्या मोठ्या दौऱ्यांच्या ट्रक-बस चालवणाऱ्यांना साडेचार तासांनंतर 45 मिनिटं थांबावंच लागतं, दिवसाला साधारण नऊ तासांच्या वर गाडी हाकता येत नाही. हे वाचलं आणि मला आमचा टेम्पो आठवला. शिरपूरकडच्या लग्नातून परतताना पहाटे चारला ड्रायव्हरची पापणी लागली, गाडी रस्त्याखाली गेली, आणि केबल ओढणाऱ्या पोराचा पाय मोडला. तेव्हापासून मी रात्रीचा परतीचा प्रवास बंद केला. चार सुपाऱ्या, म्हणजे ठरलेली कामं, गेली त्याच्यामुळे, जाऊ देत.

पैसे वाचवायचेच तर एलईडीची भिंत नको. धूर सोडायचं मशीन नको. भाचीला चार ठिकाणी चार ड्रेस नकोत, मायची हिरवी नऊवारी आहे, तीच नेसून सगळीकडे गाऊ दे. अण्णा 58 वर्षांचे आहेत, विमानात कधी बसलेले नाहीत, कीर्तनात मृदंग वाजवत वाजवत त्यांचं आयुष्य गेलं. आयोजकांना मी हे सगळं लिहून पाठवलं, कागद-खर्चासकट. परवा रात्री त्यांचा फोन आला. वादकांना हो म्हणाले. हिंदी गाणी दोन ठेवा म्हणाले, आम्ही दोन ठेवतोय.

सध्या दर रविवारी संध्याकाळी आमच्या अंगणात तालीम असते. माय बाजेवर बसून ऐकते आणि शब्द चुकला की हात वर करते. तिकडच्या थंड, दमट हवेत ढोलकीची पुडी उतरेल, आणि हॉलमध्ये डफ शेकायला आगटी कोण पेटवू देणार, ही अण्णांची एकच काळजी. यावर कुणाचा अनुभव असेल तर सांगा.

आणि फ्रँकफर्ट किंवा ॲम्स्टरडॅममध्ये आपलं कुणी असेल तर खाली लिहा. हॉटेलात उतरलो तर अण्णांना तिकडचं जेवण उतरणार नाही. कळण्याच्या भाकरीचं पीठ आम्ही सोबत आणतो, तवा तेवढा हवा.