साल चुकलं, हे कबूल

सर,

तुमची प्रतिक्रिया रविवारी सकाळी वाचली. दोन दिवस काही लिहिलं नाही, कारण डोक्यात आलेलं पहिलं उत्तर निव्वळ भांडणाचं होतं. आता राग उतरलाय. प्रतिक्रियेच्या चौकटीत मावणार नाही म्हणून इथे सविस्तर लिहितो.

ज्यांनी मूळ प्रतिक्रिया पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: २०२६ मध्ये कोणते ब्रिटिश ॲथलीट वर येतील याची माझी यादी वाचून सरांनी मला चांगलंच धारेवर धरलं. सर निवृत्त क्रीडाशिक्षक आहेत. त्यांचं म्हणणं असं की सात नावं सांगायची, दोन लागली की मिरवायची आणि पाच गिळून टाकायची, हे पोपटवाल्या ज्योतिषाचं काम झालं. ज्युनिअर पदकांची यादी समोर ठेवून नावं काढायला अक्कल लागत नाही, ती पोरं बाविसाव्या वर्षी कुठे असतात ते सांगा. आणि तिसरं, ३००० मीटर स्टीपलचेस (अडथळ्यांची शर्यत) धावणाऱ्या अविनाश साबळेला अठराव्या वर्षी कोण ओळखत होतं?

पोपटाचं आधी. २०२२ ची माझी यादी अजून ब्लॉगवर आहे, मी ती खोडलेली नाही. तिच्यात पहिलं नाव मॅक्स बर्गिनचं होतं. ८०० मीटर, वय वीस. त्या जूनमध्ये फिनलंडमधल्या तुर्कूला तो १:४३.५२ धावला होता, तोवरची वर्षातली जगातली सर्वांत वेगवान वेळ. युजीनच्या जागतिक स्पर्धेत अंतिम फेरी नक्की, असं मी छातीठोक लिहिलं. शर्यतीच्या तोंडावर त्याच्या पोटरीत रक्ताची गुठळी निघाली आणि तो पहिल्या फेरीलाही उतरला नाही. त्याच यादीतून मी एक नाव काढूनही टाकलं होतं, एमी हंटचं. २०१९ मध्ये सतराव्या वर्षी जर्मनीत मानहाइमला २०० मीटर २२.४२ मध्ये धावलेली मुलगी. अठरा वर्षांखालच्या गटात जगात त्याआधी कोणी तेवढं वेगात धावलं नव्हतं. पुढे ती केंब्रिजला इंग्रजी साहित्य शिकायला गेली, वेळा खालावल्या, २०२२ मध्ये मांडीची मोठी दुखापत झाली. मी लिहिलं, 'हिचा विषय संपला असं वाटतं.' सप्टेंबर २०२५ मध्ये टोकियोला त्याच मुलीने २०० मीटरमध्ये जागतिक रौप्य घेतलं, २२.१४.

म्हणजे जे नाव ठेवलं ते त्या वर्षी हुकलं आणि जे काढलं ते तीन वर्षांनी लागलं. पोपटाने यापेक्षा बरं केलं असतं.

पण सर, इथेच माझं थोडं ऐका. तुम्ही म्हणता नावं चुकतात. माझा हिशेब मांडून बघितला तर नावांपेक्षा साल जास्त चुकलंय.

२०१८ चा जुलै घ्या. हंगेरीत ग्योर या गावी अठरा वर्षांखालच्यांची युरोपीय स्पर्धा होती. मुलांचं ८०० मीटरचं सुवर्ण मॅक्स बर्गिनला, मुलींचं कीली हॉजकिन्सनला. दोघं २००२ चे, ती मार्चमधली, तो मेमधला. तो यॉर्कशायरमधल्या हॅलिफॅक्सचा, ती मँचेस्टरजवळच्या ॲथर्टनची, मध्ये पेनाइनचे डोंगर. त्याला आजोबा शिकवायचे. तिच्या एका कानामागे तेराव्या वर्षी गाठ निघाली होती, त्या कानाने जवळजवळ ऐकू येत नाही. त्या दिवशी ग्योरच्या स्टेडियममध्ये बसून तुम्हीसुद्धा दोघांना सारखेच गुण दिले असते. तीन वर्षांनी टोकियो ऑलिंपिकमध्ये ती १:५५.८८ धावून रौप्य घेऊन आली आणि केली होम्सचा १९९५ पासूनचा ब्रिटिश विक्रम मोडला. पॅरिसला सुवर्ण. बर्गिनला पहिली मोठी अंतिम फेरी मिळाली तीच पॅरिसला, आणि तिथे तो आठवा, म्हणजे शेवटचा. २०२५ मध्ये टोकियोच्या जागतिक स्पर्धेत सहावा, पण १:४२.२९ मध्ये. ही वेळ बघा. आठ-दहा वर्षांपूर्वी एवढ्यात जागतिक सुवर्ण आरामात मिळालं असतं.

दोघांत फरक कशाने पडला? गुणवत्तेने नाही असं माझं मत. फरक हिवाळ्यांचा. ऑक्टोबर ते मार्च या सहा महिन्यांत जो पाया घातला जातो, तो लागोपाठ तीन-चार वर्षं न मोडता ज्याचा टिकतो, तो दिसतो. हाडं आणि स्नायुबंध फुप्फुसांपेक्षा सावकाश तयार होतात. सतरा वर्षांच्या पोराचं इंजिन पुढे धावतं, बाकीची गाडी मागे. हे तुम्हाला मी काय सांगणार, नडगी धरून बसलेली मुलं तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिली असतील. हॉजकिन्सनचे हिवाळे सलग गेले. पॅरिसनंतर तिचीही साखळी तुटली, हॅमस्ट्रिंगने, म्हणजे मांडीमागच्या स्नायूने, तिला वर्षभर बसवलं, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये पोलंडला परतली ती थेट १:५४.७४ घेऊन. पाया एकदा पक्का झाला की तो असा कामी येतो.

तेव्हा माझी चूक मी अशी मांडेन: सतराव्या वर्षीची वेळ माणूस कुठवर जाऊ शकतो ते सांगते, कधी जाईल ते सांगत नाही. मी मात्र प्रत्येक नावापुढे साल टाकत गेलो, कारण साल टाकलं की लेख वाचला जातो. हेही कबूल.

कधी कधी अंतरही चुकतं. जॉर्ज मिल्सने २०१६ मध्ये तिबिलिसीला अठरा वर्षांखालच्या याच गटातलं ८०० मीटरचं सुवर्ण घेतलं होतं. नऊ वर्षांनी ऑस्लोला त्याने मो फाराचा ५००० मीटरचा ब्रिटिश विक्रम मोडला, १२:४६.५९. आणि मो फारा स्वतः? २००१ चा युरोपीय ज्युनिअर विजेता, पहिलं जागतिक सुवर्ण २०११ मध्ये.

आता तुम्ही म्हणाल, हा सोयीची उदाहरणं वेचतोय. बरोबर. ॲडम जेमिली माझ्या हिशेबात बसत नाही. २०१२ मध्ये बार्सिलोनाला १०.०५ मध्ये १०० मीटरचा ज्युनिअर विश्वविजेता. त्याआधी तो फुटबॉल खेळायचा, म्हणजे पायात अजून किती वेग शिल्लक असेल याच्या चर्चा इकडे वर्षभर चालल्या होत्या. रिओला २०० मीटरमध्ये चौथा. तिसऱ्याची आणि त्याची वेळ एकच, २०.१२, फरक सेकंदाच्या तीन सहस्रांशांचा. रिलेचं जागतिक सुवर्ण मिळालं, पण वैयक्तिक जागतिक किंवा ऑलिंपिक पदक नाही. त्याचं 'साल' आलंच नाही. तीन सहस्रांशांसाठी कुठल्या हिवाळ्याला दोष देणार?

शिवाय ज्यांची नावंही आता कोणाला आठवत नाहीत त्यांचं काय, हा तुमचा प्रश्न मला सगळ्यात जास्त टोचला. विभागीय स्पर्धेत पहिल्या आलेल्या तुमच्या मुलींपैकी विशीनंतर धावणारी एकही उरली नाही, असं तुम्ही लिहिलंत. इथली कारणं वेगळी आहेत, गळती मात्र आहेच. मी बर्मिंगहॅमजवळ एका क्लबात शनिवारी मदतीला जातो, बहुतेक वेळा लांब उडीच्या खड्ड्यातली वाळू सारखी करायला. इंग्लंडच्या शालेय स्पर्धेचा टी-शर्ट घालून ऐटीत येणारी पंधरा वर्षांची मुलं दोन उन्हाळ्यांनी दिसत नाहीत. 'पॉवर ऑफ टेन' या संकेतस्थळावर इथल्या प्रत्येक धावपटूच्या वेळा वर्षवार मांडलेल्या असतात. एखादं नाव उघडलं की वेळांचा रकाना सुंदर खाली येत जातो आणि मग एका वर्षानंतर नुसता कोरा. हे कोरे रकाने मी कधी मोजले नाहीत. यादी करणाऱ्याने आधी ते मोजायला हवेत, हा मुद्दा पूर्ण मान्य.

फक्त एक सांगतो, कोरा रकाना कधी कधी पुन्हा भरू लागतो. जॉर्जिया हंटर बेल शाळेत चमकली, अमेरिकेत कॉलेजात धावली, दुखापतींना कंटाळून २०१७ च्या सुमारास सोडून दिलं. सायबर सुरक्षेच्या क्षेत्रात नोकरी धरली. मग गंमत म्हणून पार्करन (बागेतली हौशी सामूहिक धाव), मग जुन्या प्रशिक्षकांना फोन. २०२४ मध्ये तिसाव्या वर्षी पॅरिसला १५०० मीटरचं कांस्य, ३:५२.६१ हा ब्रिटिश विक्रम. २०२५ मध्ये टोकियोला ८०० मीटरचं जागतिक रौप्य, आणि तेही हॉजकिन्सनच्या पुढे, सेकंदाच्या शंभराव्या भागाने. २०२२ मध्ये माझ्या यादीत तिचं नाव असण्याची शक्यता शून्य होती. कोणाच्याच यादीत ते नव्हतं.

साबळेचं उत्तर याच्यातच आलं. त्याला सैन्याने शोधलं, आणि तेही क्रॉस कंट्रीच्या निमित्ताने. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत बर्मिंगहॅमच्या अलेक्झांडर स्टेडियमला मी प्रेक्षकांत होतो, बीडचा तो पोरगा केनियाच्या किबिवोटपेक्षा पाच शतांश मागे राहिला तेव्हा आजूबाजूचे गोरे माझ्याकडे बघत होते इतका ओरडलो. ८:११.२०. केली होम्सही शाळेत जिंकायची, मग सैन्यात गेली, ट्रॅक सुटला, परत आली आणि अथेन्सला चौतिसाव्या वर्षी दोन सुवर्णं. असे लोक यादीत पकडता येत नाहीत. माझं जाळं ज्युनिअर माशांचंच आहे, आणि ते तसं आहे हे लेखाच्या सुरुवातीला लिहायला हवं होतं.

कोवळ्या मुलांवर ओझं टाकता, हा तुमचा आरोप मात्र मला लागू नाही. मराठीतला माझा ब्लॉग डेव्हनमधल्या मुलीपर्यंत पोचत नाही.

डेव्हनवरून आठवलं. इनिस फिट्झगेराल्डचं नाव मी काढणार नाही, तुम्ही कितीही हसलात तरी. सोळाव्या वर्षी विमानप्रवासाने होणाऱ्या प्रदूषणामुळे ऑस्ट्रेलियातली जागतिक क्रॉस कंट्री नाकारणारी हीच ती मुलगी. जुलै २०२५ मध्ये लंडनला ५००० मीटर १४:३९.५६, वीस वर्षांखालचा युरोपीय विक्रम, जो १९८५ पासून झोला बडच्या नावावर होता. आता बड अनवाणी धावण्यासाठी प्रसिद्ध, आणि हिच्या पायात आजचे उसळी देणारे स्पाइक्स, तेव्हा वेळेला वेळ लावून मी फार काही म्हणणार नाही. माझं लक्ष दुसरीकडे आहे. तिचे प्रशिक्षक गॅविन पेव्ही. त्यांची पत्नी जो पेव्ही पाच ऑलिंपिक धावली आणि चाळिसाव्या वर्षी युरोपीय विजेती झाली. धावपटूला वीस वर्षं न मोडता कसं ठेवायचं हे ज्या घराला माहीत आहे, तिथे ही मुलगी तयार होतेय. मी पैज लावलीय ती त्या घरावर.

फीबी गिलच्या बाबतीत तुमचं ऐकतो. सतराव्या वर्षी १:५७.८६, १९७९ पासूनचा अठरा वर्षांखालचा युरोपीय विक्रम गेला, पॅरिसला उपांत्य फेरी. पण २०२५ च्या टोकियोच्या संघात ती नव्हती. तिच्या नावापुढचं '२०२६' खोडलं आहे, नाव ठेवलं आहे.

मॉली कॉडरी तशीच राहील. पॅरिसच्या वर्षी पोल व्हॉल्टमध्ये जगात सर्वांत जास्त उंची, ४.९२ मीटर, तिचीच होती, आणि तिथे पात्रता फेरीत पहिल्याच उंचीला, ४.५५ ला, तीनदा बार पडला. पोल व्हॉल्टमध्ये भविष्य सांगू नये हे मी तेव्हाच शिकायला हवं होतं. शिकलो नाही.

बर्गिनचं काय, ते ऑगस्टमध्ये कळेल. युरोपीय स्पर्धा इथेच बर्मिंगहॅमला आहे, १० ते १६ ऑगस्ट २०२६, माझ्या घरापासून दोन बस. त्याच्या नावापुढे या वेळी साल टाकलेलं नाही, पण तिकीट काढून ठेवलंय.

आणि हो, हॉजकिन्सनची पॅरिसची वेळ तुम्ही म्हणता तीच बरोबर, १:५६.७२. मी १:५६.२७ लिहिलं होतं. दुरुस्त केलं.