लायकी, पण कशाची?

काल संध्याकाळी आमच्या जिन्यात एक वडील आपल्या दहावीतल्या मुलाला म्हणत होते, "तुझी लायकीच नाही." बीजगणितात कमी मार्क पडले होते, एवढंच. पोरगा मान खाली घालून चपलेचं टोक फरशीवर घासत होता. मी काहीच बोलले नाही. ते रात्रभर मनाला लागून राहिलं.

'लायक' हा शब्द मूळचा अरबी, फारसीतून आपल्याकडे आलेला. अर्थ अगदी साधा: योग्य. पाणी पिण्यालायक असतं, घर राहण्यालायक असतं. कशासाठी योग्य, ते सोबत सांगावंच लागतं. 'पात्र'चंही तसंच. शिष्यवृत्तीला पात्र, निवडणुकीला पात्र. यंदा अपात्र ठरलेला पुढच्या वर्षी पात्र ठरतो आणि त्यात कुणाला मेल्याहून मेल्यासारखं होत नाही. पण रागाच्या भरात 'लायकी' म्हटलं की तो 'कशासाठी' गळून पडतो आणि अख्खा माणूसच नापास होतो. त्या वडिलांना म्हणायचं होतं की मुलाला गणित जमत नाहीये. मुलाने ऐकलं ते भलतंच.

आणि क्रियापद बघा. पात्रता तपासतात, कुवत ओळखतात, लायकी मात्र 'काढतात'. जात काढतात, बाप काढतात, तशीच.

यावरून मला नेहमी महाड आठवतं. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा समाजसुधारक सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या विधिमंडळात १९२३ साली मंजूर झाला. १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर हक्क होता. तरी पाण्याला हात लावायची सोय नव्हती, कारण गावाने लायकी जन्माबरोबरच ठरवून टाकली होती. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आणि त्यांच्यासोबत हजारो माणसं त्या तळ्यावर जाऊन पाणी प्यायली. त्याच वर्षी डिसेंबरच्या परिषदेत बाबासाहेबांनी सांगितलं की तळ्यावर जायचं ते नुसतं पाणी प्यायला नव्हे, इतरांसारखीच आपणही माणसं आहोत हे दाखवायला. 'स्वाभिमान' या शब्दाचा अर्थ मला तिथे कळतो. त्यात दुसऱ्यापेक्षा वरचढ असण्याचा प्रश्नच येत नाही. अभिमानाला तुलना लागते, स्वाभिमानाला लागत नाही.

'कदर'ही अरबीच, आणि मुळात मापाचा शब्द. म्हणजे मापायला माझी हरकत नाही. आई पोराच्या कष्टांची कदर करते तेव्हा तीही मापतच असते. फक्त ती आधी नीट बघते.

आज सकाळी तो मुलगा परत जिन्यातच भेटला. विचारलं, कुठे अडतंय? "वर्गसमीकरणं," म्हणाला, माझ्याकडे न बघताच. रविवारी वही घेऊन ये म्हटलंय. त्याच्या वडिलांशी मात्र अजून बोलायचंय.