डबा घेऊन येणाऱ्या भक्तांसाठी काही सूचना

गेल्या आठवड्यात आमच्या वडिलांचे वर्षश्राद्ध झाले. त्या दुपारी जे घडले त्यामुळे, एखाद्या महाराजांच्या परिवारात नव्याने दाखल झालेल्या किंवा होऊ घातलेल्या वाचकांना अनुभवाच्या चार गोष्टी सांगणे हे माझे कर्तव्यच आहे, असे मला वाटू लागले आहे. काही पढीक मंडळी या गोष्टींना धोक्याची चिन्हे म्हणतात. तुम्ही तिकडे लक्ष देऊ नये. जितकी चिन्हे अधिक आढळतील, तितके आपण योग्य दारी आलो, असे खुशाल समजावे.

प्रवेश नेहमी अडचणीच्या काळात करावा. 2019 च्या महापुरात कोल्हापुरात शाहूपुरीतील माझ्या धाकट्या भावाचे दुकान छतापर्यंत पाण्यात गेले. पाणी ओसरले तेव्हा पंचनाम्याला माणूस येण्यापूर्वी परिवाराची वीस माणसे फावडी घेऊन दारात हजर होती. त्यांनी दोन दिवस चिखल उपसला, चहासुद्धा घेतला नाही, आणि जाताना ‘गुरुवारी सत्संगाला या’ एवढेच सांगितले. आम्ही सख्खे-चुलत त्या दोन दिवसांत कोठे होतो, हा प्रश्न येथे अप्रस्तुत आहे.

महाराजांना हा पूर येणार हे अगोदरच ठाऊक होते. केवळ कर्माच्या नियमात ढवळाढवळ नको म्हणून ते बोलले नाहीत, ही माहिती भावाला तिसऱ्या गुरुवारी मिळाली. ती ऐकून हसू नये. 1954 साली अमेरिकेत शिकागोच्या परिसरातील एका बाईंनी 21 डिसेंबरला महापूर येणार आणि निष्ठावंतांना उडत्या तबकड्या घेऊन जाणार, असे भाकीत केले होते. लिऑन फेस्टिंगर हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी, पुढे काय होते हे पाहण्यासाठी, भक्त म्हणून त्या गटात जाऊन बसले होते. पूर आला नाही, तबकडीही आली नाही. तेव्हा ‘तुमच्या श्रद्धेमुळे जग वाचले’ असा संदेश बाईंना वरून मिळाला, आणि तोवर वर्तमानपत्रांना टाळणारे भक्त स्वतःच त्यांना दूरध्वनी करू लागले. त्या बाईंचे पूर न येता भागले, आमच्या महाराजांचे येऊन गेल्यावर भागले.

प्रश्न विचारू नयेत.

ज्या गावाच्या राजाने, शाहू महाराजांनी, 1899 साली पंचगंगेवरील स्नानाच्या वेळी आपल्यासाठी कोणते मंत्र म्हटले जातात याचा जाब थेट पुरोहिताला विचारला, त्याच गावात राहून ही सूचना पाळणे थोडे जड जाते. परंतु सवयीने जमते.

देणगीच्या बाबतीत निश्चिंत राहावे, कारण महाराज पैशाला स्पर्श करत नाहीत. स्पर्श करण्यासाठी विश्वस्त आहेत. भावजयीच्या माहेरच्या पाटल्या गुजरीत मोडून आल्या, तेव्हा त्या कोणी मागितल्या नव्हत्या. ‘अजून तुमचा जीव सोन्यात अडकला आहे’ एवढेच कोणीतरी प्रेमाने म्हणाले होते. 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा येथे तुमच्या आड येणार नाही, याचीही खात्री बाळगावी. चमत्काराच्या नावाने फसवणाऱ्याला त्यात सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आहे खरी, पण हे महाराज अंगारा देत नाहीत आणि हवेतून काही काढतही नाहीत. ते छापील पावती देतात.

आपल्या चुका रोज रात्री वहीत लिहून काढाव्यात आणि ती वही दर महिन्याला जमा करावी. चीनमधील ‘विचारशुद्धी’तून, म्हणजे सक्तीच्या मतपरिवर्तनातून, बाहेर पडलेल्या माणसांशी बोलून रॉबर्ट लिफ्टन या मनोविकारतज्ज्ञाने 1961 साली अशा मतपरिवर्तनाची जी आठ लक्षणे मांडली, त्यांत कबुलीजबाब हे एक आहे, पण त्या वह्यांचे कपाट कोणाच्या खोलीत असते आणि त्याची किल्ली कोणाकडे असते, असली चौकशी लिफ्टनसारख्यांनीच करावी.

सोडून गेलेल्यांशी बोलू नये. त्यांचे पुढे वाईट झाले असे सांगतील, ते ऐकावे आणि गंगावेशीत त्यातलाच एखादा मजेत दूध पिताना दिसला, तर मान वळवावी.

आता आहाराविषयी. अनुग्रह न घेतलेल्या माणसाच्या हातचे अन्न खाऊ नये, कारण रांधणाऱ्याचे संस्कार अन्नात उतरतात. ही सूचना सर्वांत महत्त्वाची आहे, कारण एकदा जेवण तुटले की बाकीचे आपोआप तुटते. बारशाला जाता येत नाही, लग्नाच्या पंगतीत बसता येत नाही, शेजाऱ्याकडून आलेली वाटी परत करावी लागते, आणि वर्षभरात भक्ताला आपल्या परिवाराखेरीज जेवायला बोलावणारे कोणी उरत नाही. नातलगांशी संबंध तोडा, असे महाराज कधीही म्हणत नाहीत. त्यांना म्हणावे लागत नाही. वर्षश्राद्धाच्या दिवशी आमची चौऱ्याहत्तर वर्षांची आई पहाटे चारला उठली. गुडघ्यांना पट्टे बांधून तिने वडे तळले, गव्हल्यांची खीर केली, भोपळ्याची भाजी केली आणि धाकट्याला आवडते म्हणून आमसुलाची चटणी वेगळी काढून ठेवली. तो दीड वाजता आला. वडिलांच्या फोटोला त्याने लांबूनच हात जोडले आणि पिशवीतून स्टीलचा तीन पुडांचा डबा काढून तो गॅलरीत जाऊन बसला. आई हातात ताट घेऊन दाराशी उभी राहिली. तो म्हणाला, ‘आई, तू मनाला लावून घेऊ नकोस, नियम आहे.’ तिने विचारले, ‘मग तुला दूध कोणी अनुग्रह घेऊन पाजले होते रे?’ त्यावर तो शांतपणे हसला. तेथे सर्वांना शिकवतात ते हसू ते होते. समोरचा अज्ञानी आहे आणि आपण त्याला क्षमा केली आहे, असे सांगणारे. मला सर्वांत अधिक संताप त्या हसण्याचा आला. हा तोच मुलगा आहे, जो शाळेतून येताच दप्तर न उतरवता परातीतल्या गरम भाकरीवर झडप घालायचा.

महाराष्ट्राने 2016 साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला. जातपंचायतीने एखाद्या घराला वाळीत टाकले, तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मुलाने स्वतःच्या आईला वाळीत टाकले, तर त्याला साधना म्हणतात.

उपरोध पुरे झाला. ज्या दारात आत येताना फुले पडतात आणि बाहेर पडताना शाप मिळतो, ते दार देवाचे नव्हे, हे कळायला पदवी लागत नाही. तू तर अभियंता आहेस. दुकानातल्या मालाचे बिल तू तीनदा तपासतोस, आणि बायकोच्या पाटल्या, मुलीची शाळा, कोणाकडे जेवावे, कोणाशी बोलावे, हे सारे एका अनोळखी माणसाच्या स्वाधीन करताना तुला एकही शंका आली नाही? आणि आम्ही बाकीचे! ‘दारू तर पीत नाही ना, देवाचेच करतो ना’ असे म्हणत चार वर्षे आम्ही गप्प बसलो. चिखल काढायला आम्ही गेलो असतो तर त्या वीस जणांची गरज पडली नसती, हे आईने त्याच संध्याकाळी सगळ्यांसमोर सुनावले, आणि कोणालाही उत्तर सुचले नाही.

डबा तू गॅलरीतच विसरून गेलास. आईने तो घासून, पुसून फडताळात ठेवला आहे आणि परिवाराच्या माणसाकरवी तो मिळणार नाही, असे तिने बजावून सांगितले आहे. न्यायला तू स्वतः ये, आणि जेवणाच्या वेळी ये.